मुसाफिराला माफ असतं

मुरुडच्या एसटी स्टँडवर अब्बांनी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मी हात मागे घेतला. रमजान चालू होता, सकाळचे नऊ वाजलेले, आणि निम्मा मोहल्ला मला सोडायला आलेला. एवढ्या लोकांसमोर पाणी? अब्बा हसले. म्हणाले, "घे रे. मुसाफिराला रोजा माफ असतो. गाडीत पी, ट्रेनमध्ये पी, जेव पण. पोचून चार दिवसांचा मुक्काम झाला की मात्र तू तिथला. मग माफी न्हाय." अम्मी ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती. तिने स्वतः रोजा धरून माझ्यासाठी घावन केले होते. काशीद मागे पडलं, मी डबा उघडला, आणि पहिला घास घेताना आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मला ते फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकोणीस वर्षांचा होतो. कोलकात्याच्या एका फुटबॉल क्लबने बोलावलं होतं. आमच्याकडे सगळे क्रिकेटवाले; ओहोटी लागली की ओल्या वाळूवर फुटबॉल खेळणारे आम्ही सात-आठ येडे. त्यातून मी प्रोफेशनल झालो, म्हणजे मोहल्ल्याच्या दृष्टीने चमत्कारच! अब्बा स्वतः अकरा वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते. तिथल्या उन्हात, ट्रक चालवताना, त्यांनी एकही रोजा सोडला नव्हता. ते हे कधी सांगायचे नाहीत, अम्मी सांगायची. मुसाफिर म्हणजे काय आणि मुक्काम म्हणजे काय, हे त्यांना किताबातून शिकायची गरज नव्हती.

आमच्या घरात एक रीत आहे. सूर्य बुडून मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ झाली, की अब्बा पहिला खजूर ज्याच्या-त्याच्या हातावर ठेवतात. ज्याचा रोजा असेल त्याच्याच. बाकीच्यांनी ताटलीतून आपला आपण घ्यायचा. लहानपणी अब्बांच्या हातचा खजूर मिळावा म्हणून मी दिवसभर जीभ टाळूला चिकटवून बसायचो. एकदा, सात वर्षांचा असेन, दुपारी लपून केळं खाल्लं आणि संध्याकाळी हात पुढे केला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि खजूर ठेवला. तो मला गिळवेना.

कोलकात्यात पहिलं वर्ष मी सगळे रोजे धरले. दुसऱ्या वर्षी नवा कोच आला. माणूस वाईट नव्हता, पण रमजानमध्ये मला बाकावर बसवायला लागला. सत्तर मिनिटांनंतर माझे पाय जड होतात, असं म्हणाला, आणि ते खरं होतं. मग बाहेरगावच्या मॅचला मी रोजा सोडू लागलो. मुसाफिर ना! त्यात चूक काहीच नव्हतं. पण मग शहरातल्या मॅचलाही सोडला. मग मॅचच्या आदल्या दिवशी, मग प्रॅक्टिसला. राहायला फ्लॅट होता, गॅस होता, बाल्कनीत माझी चड्डी वाळत होती, आणि मी स्वतःला सांगत होतो की आपण मुसाफिर. सहा वर्षांचा मुसाफिर! अम्मी फोनवर विचारायची, "रोजा हाय ना बाळा?" मी म्हणायचो, "आहे गं." आवाज जरा बारीक काढायचो, भुकेल्या माणसाचा असतो तसा. इतकी लाज वाटते आज, काय सांगू.

तुमच्यातले जे दोहाला गेले, दुबईला गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी फोनवर आपण जो माणूस असतो, त्याला आपणच अम्मीच्या समाधानासाठी सांभाळून ठेवलेला असतो.

मग ती साडेचारची मॅच आली. टीव्हीवर दाखवणार होते. आमच्या टीममध्ये शमीर होता, केरळचा, डिफेन्सला खेळायचा. तो रोजा धरूनच मैदानात उतरायचा आणि कोचशी भांडायचा नाही, नुसता पळायचा. कोलकात्यात सूर्य आपल्यापेक्षा पाऊण-एक तास आधी बुडतो. म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये मगरिब होणार होती. आमचा गोलकीपर देबू हिंदू, पण त्याने शमीरशी आधीच ठरवलं होतं. अजान झाली आणि देबू घोटा धरून आडवा झाला. काय कळवळला! डॉक्टर आत धावला, खेळ थांबला, आणि शमीर साइडलाइनवर पळाला. तिथे टॉवेलात गुंडाळलेले खजूर होते. त्याने एक तोंडात टाकला, आणि एक माझ्या हातावर ठेवला. त्याला वाटत होतं, माझाही रोजा आहे. मी त्यालाही तेच सांगितलं होतं.

मी तो खाल्ला. डोळे मिटून, दुआ पुटपुटून. कॅमेरा आमच्यावरच होता.

पण कॅमेरा पहिल्या हाफमध्येही होता. उन्हं चांगली वर असताना, शमीर पार आमच्या गोलपाशी होता तेव्हा, मी बाटली उघडून घटाघटा पाणी प्यालो होतो, अर्धं डोक्यावर ओतलं होतं. मुरुडला आमच्या घरात शेजारपाजारची पंधरा माणसं ती मॅच बघत बसली होती.

रात्री अम्मीचा फोन आला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "सगळ्यांना सांगितलं मी. तिकडं सूर्य लवकर बुडतो, म्हणून प्याला." मी म्हटलं, "हो." तिला कळत होतं की कुठलाच सूर्य पावणेपाचला बुडत नाही. मी म्हटलं, अब्बांना दे. "अब्बा नमाजला गेलेत." पाठीमागे त्यांचा खोकला ऐकू येत होता. त्या दिवसापासून घरातून कुणीही मला रोजाबद्दल विचारलं नाही. ओरडले असते तर परवडलं असतं.

यंदा रमजानमध्ये दोन मॅचच्या मध्ये दोन दिवस मिळाले आणि मी घरी आलो. ठरवून आलो होतो, की दोन्ही रोजे धरायचे, अब्बांच्या समोर. रात्रीच उद्याच्या रोजाची नियत केली आणि बिनघोर झोपलो, कारण पहाटे सहेरीच्या जेवणाला अम्मी उठवतेच. डोळे उघडले तेव्हा पत्र्यावर ऊन आलं होतं. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. घावन, अंडं, बाजूला चहाचा थर्मास. रमजानच्या दिवशी, आमच्या घरात, एकट्या माझ्यासाठी.

"उठवलं का नाहीस?" मी विचारलं.

अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी उठवणार होते. अब्बा म्हणाले, नको. दोन दिवसांसाठी आलाय, मुसाफिर हाय. माफ असतं त्याला. खा तू, लाजू नको."

मी ताटावरचं झाकण परत ठेवलं आणि बाहेर पडलो. दिवसभर किनाऱ्यावर फिरलो. तहान अशी लागली होती की थुंकी गिळायला जमत नव्हतं. जिथे मी चालायला शिकलो त्या गावात मला माफी मिळाली होती, आणि माझा तिथला मुक्काम कधी संपला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनात आलं, घर म्हणजे बहुतेक ती जागा, जिथे आपल्याला काहीच माफ नसतं.

मगरिबला दस्तरखानावर बसलो. अजान झाली. अब्बांनी अम्मीच्या हातावर खजूर ठेवला, एक स्वतः घेतला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. प्रेमाने सरकवली, रागाने नाही.

मी ताटलीला हात लावला नाही. हात पुढे केला. "अब्बा, माझा रोजा आहे."

आवाज बारीकच निघाला. फोनवर काढायचो, अगदी तसा. मला तो बदलता येईना.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग ताटलीतला एक खजूर उचलून माझ्या हातावर ठेवला.

"बरं," म्हणाले.