मे महिन्यातलं गवत

लोक म्हणतात, पाऊस लहरी झालाय. लहरी म्हणे! लहरी सासू असते, लहरी नवरा असतो, आणि त्यांना निदान तोंडावर चार शब्द सुनावता येतात. या पावसाला कुठं गाठायचं?

आमचं गाव म्हसवडच्या पुढं, माळावर. घरची मेंढरं. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई घोड्यावर बिऱ्हाड लादून पलूसच्या बाजूला उतरायचे. तिकडं बागायत. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत मालकाला, पोटापुरतं धान्य आम्हाला. जूनमधला मिरग बरसून आमच्या माळावर गवत उगवलं की परत. ते उगवलंय हे कळवायचं काम माझं, कारण मला गावातच दिलेली आणि मागं राहून घर बघणारी मीच. माझा फोन गेल्याशिवाय आबा जागचे हलायचे नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यातच कोसळला. वळीव म्हणजे तासाभराचा धिंगाणा. हा आठवडाभर ठाण मांडून बसला. ओढे वाहिले, बांध फुटले, आणि आठ-दहा दिवसांत सगळा माळ हिरवागार. मी फोन लावला.

"आबा, लय गवत आलंय. निघा."

"आगं, मे हाय अजून."

"मग? गवताला कॅलेंडर कळतंय व्हय?"

वर हसले मी. स्वतःच्या बोलण्यावर इतकी खूश झाले होते की विचारू नका. आज आठवलं तरी आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आबा आले. पंधरा दिवस बरे गेले. मग पाऊस जो गेला तो गेलाच. मिरग कोरडा, त्यामागचा आडदरा कोरडा, नुसता वारा. दिवसभर भरलेले ढग डोक्यावरून जायचे, आणि टीव्हीवर धरणाचे दरवाजे उघडल्याचं कौतुक चाललेलं. गवत पिवळं पडलं, मग तेही उरलं नाही. ओढेही आटले. माय-मेंढ्यांचं दूध आटलं. कोकरं ढुसण्या देऊन देऊन कासेखालीच बसायची. आई त्यांना मांडीवर घेऊन कण्या भरवायची. कळप जगवायचा कसा, एवढंच काय ते घरात बोलणं.

आबांनी पलूसच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "मामा, निम्म्यात ऊस, निम्म्यात सोयाबीन पेरलंय. आता कुठं बसवता?" त्याचं बरोबरच होतं. त्या दिवसांत कुणाचं रान मोकळं असतं? पण राग काय बरोबर-चूक बघून येतो? इतकी वर्षं ज्याच्या रानात आमची मेंढरं बसली, त्याला एक कोपरा सापडू नये! मी फोन हिसकावून घेऊन नाही नाही ते बोलले. आबांनी फोन परत घेतला आणि माझ्यादेखत त्याची माफी मागितली. तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला.

मग मी कचेरीत गेले, चारा छावणी मागायला. टेबलामागचा साहेब कागद चाळत म्हणाला, "ताई, तुमच्या गावचे अतिवृष्टीचे पंचनामे चालू आहेत, आणि तुम्ही दुष्काळ सांगताय?"

"आवं सायेब, दोन्ही खरं हाय!"

"दोन्ही एकदम कसं लिहिणार?"

कसं लिहिणार! आमच्या माळावर पावसानं तेच लिहून ठेवलं होतं, गाडीत बसून बघायला यायचं होतं फक्त. मी टेबलावर हात आपटून तसं म्हणाले. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, शांत व्हा म्हणाला. मेंढरं तहानेनं मरायला लागलेली आणि हा मला पाणी पाजतोय. ग्लास तसाच ठेवून आले.

शेवटी बाजार. निम्मी मेंढरं विकली तर उरलेली जगतील, असं आबांनी ठरवलं. मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

बाजारात नेलेली सगळीच एका व्यापाऱ्यानं घेतली. तो टेम्पोत भरत होता आणि आबा एकेकीची माहिती देत होते. ही पायानं जरा अधू हाय, हळू चालवा. ही लेकुरवाळी, दुसरीचं कोकरूबी पाजती. एका म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिला सांजच्याला येगळं पानी पाजा. कळपात मागं ऱ्हाती."

व्यापारी हसला. "मामा, हिची सांज कुठं व्हायचीय आता?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. आबांनी हात काढला नाही. म्हणाले, "तरीबी. सकाळपासनं तान्हेली हाय. पाजून न्या."