खुंटाचा फुटवा

रोपवाटिकेत तिला सगळे कलमवाल्या बाई म्हणत. तीस वर्षं तिने जर्दाळूच्या फुलांतले पुंकेसर चिमट्याने खुडले, कुंचल्याने मधल्या स्त्रीकेसरांवर प्लमचा पराग टेकवला आणि वर कागदी पिशव्या बांधल्या. त्यात मान कायमची वाकली. शेकडो रोपांतलं एकच मनासारखं निघालं, दुहेरी गुलाबी फुलाचं आणि गोड फळाचं. फुलांनी नटणाऱ्या झाडांची एरवी फळाच्या नावाने बोंबच असते.

ते झाडही गेल्या वर्षी मूळकुजीने गेलं. त्याआधी तिने त्याचा एक डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, काढून जंगली रोपाच्या खुंटावर भरला, पट्टी बांधली आणि कुंडी घरी आणली. डोळा फुटून हातभर काडी झाली. तीस वर्षांच्या कष्टांतलं तेवढंच शिल्लक होतं. आणि नेमक्या तेव्हाच बाई पायरीवरून पडून खुब्याचं हाड मोडून बसली.

तीन महिने अंथरूण. नवरा शिंपी, जन्मात कापडाशिवाय कशाला हात लावला नव्हता. पण त्याने तिची वेणी घातली, तिचं सगळं अंथरुणावर केलं आणि चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी मागच्या अंगणातून येऊन सांगायचा, झकास वाढतंय. त्या एका बातमीवर ती पुन्हा उभी राहिली. खुंटाला खालून येणारे जंगली फुटवे खुडायचे असतात, नाहीतर ते वरच्या कलमाला मारतात, हे त्याला सांगायचं तिला सुचलंच नाही. एवढं कुणालाही कळतं, असं तिने गृहीत धरलं होतं.

काठी टेकत ती मागे गेली. कुंडीत कमरेएवढा तजेलदार फुटवा डोलत होता. पान जंगली, तिने दारातूनच ओळखलं. पट्टीवरची काडी कुठे, असं तिने विचारलं.

"ती मरतुकडी होती गं, वाकडी. उगाच रस ओढत होती," तो म्हणाला. "कात्रीने सफाईदार कापली. टाकली नाही हं, ह्याच्याच आधाराला लावलीय."

चिंधीने बांधलेल्या काडीची साल तिने नखाने खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. नवा संकर करायचा तर दहा वर्षं हवीत आणि ती सहासष्ट वर्षांची होती. तिला त्याचा भयंकर राग आला, पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं.

"पुढच्या वर्षी फुलेल ना?" त्याने विचारलं.

"फुलेल," ती म्हणाली, आणि बसायला त्याचा हात धरला. "पाणी तेवढं कमी घाल."