डिक्री नायसाय

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या म्युनिसिपल ऑफिसात मॅरेज लायसन्स काढायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो, आणि साक्षीदार म्हणून त्याची आई. काकू या लग्नासाठीच नागपूरहून आल्या होत्या. साडीवर मुलाचं जाड जॅकेट घालून त्या खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या.

खिडकीमागच्या बाईंनी माझ्या घटस्फोटाचा कागद मागितला. माझं पहिलं लग्न इंग्लंडमध्ये राहत असताना मोडलं होतं. तिथल्या कोर्टाचा शिक्का असलेला कागद मी निर्धास्तपणे पुढे केला. बाईंनी तो वाचला, आत कुणाला तरी दाखवला आणि परत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हा फायनल नाही. यावर ‘डिक्री नायसाय’ लिहिलंय. ‘ॲब्सोल्यूट’ लिहिलेला आणा."

मला वाटलं, यांना ब्रिटिश कागद कळत नसावेत. मी तसं बोलूनही गेले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सहा आठवड्यांत कुणी सबळ कारण दाखवलं नाही, तरच हा हुकूम पक्का करता येईल, असं तिथे लिहिलेलं होतं. ती ओळ मी पूर्वी कितीदा तरी वाचली होती आणि वकिली भाषा अशीच असते म्हणून सोडून दिली होती.

तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधलं. लॅटिनमध्ये ‘नायसाय’चा अर्थ ‘नाही तर’. कुणी हरकत घेतली नाही तर घटस्फोट. त्यासाठीही मीच पुन्हा अर्ज करायचा होता. वकील मी लावलाच नव्हता. एवढं इंग्रजी येतं की आपल्याला! तो कागद आला त्या दिवशी बाबांना फोन करून "झालं एकदाचं" म्हणाले होते आणि थोड्याच दिवसांत नोकरीसाठी अमेरिकेला निघून आले होते.

"काय म्हणून राहिली ती?" काकूंनी विचारलं.

तो म्हणाला, "आई, एक मिनिट." मग मीच सांगितलं, "काकू, माझा घटस्फोट पूर्ण झालेलाच नाही."

"म्हणजे तू अजून त्याचीच बायको आहेस का?"

त्या ओरडल्या नव्हत्या. तरी मागच्या बाकावरची एक मुलगी चटकन मान खाली घालून फोनमध्ये बघायला लागली. तिला मराठी कळत होतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "यार, व्हिसाचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगू सगळ्यांना." मला ते हवंच होतं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खोटं कशाला? लग्न पुढे गेलं म्हणा. कुणी विचारलं तर खरं काय ते सांगा." मग मी एकेकाला फोन करून हॉल कॅन्सल केल्याचं कळवलं. विचारलं नाही असं कुणीच नव्हतं. "अगं, पण तुला माहीत नव्हतं?" या प्रश्नाला मी दर वेळी नुसतं "नाही" म्हणायचे, आणि दर वेळी माझे कान तापायचे.

पक्क्या हुकमाच्या अर्जाबरोबर इंग्लंडच्या कोर्टाला इतक्या उशिराचं कारण लिहून द्यावं लागलं. मधल्या काळात नवऱ्याबरोबर राहिलात का, मूल झालं का, असे त्यांचे प्रश्न होते. नोकरीत मी दिवसभर कॉम्प्युटर प्रोग्राममधल्या अटी तपासत असते, आणि कारण म्हणून लिहिलं काय, तर मला शब्दाचा अर्थ कळला नाही.

पक्का हुकूम आला तोवर काकूंच्या परतीची तारीख उलटून गेली होती. जवळच्याच पिस्कॅटवेला एका मित्राच्या घरी, पांढऱ्या कपड्यांत, आमचं लग्न लागलं. त्रिसरण-पंचशील म्हणताना काकू नागपूरहून, टेबलावरच्या फोनमधून बघत होत्या. मध्येच चित्र अडकलं. त्या हात जोडलेल्या तशाच थिजून राहिल्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.