अपूर्णांक गाळणारं यंत्र

कमल मेश्राम. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन. गेल्या महिन्यात नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाई गेल्या. पुण्याला मला तार मिळाली तोवर सगळं आटोपलं होतं...

उमरेडच्या विणकर घरातला मी पहिला पदवीधर. नागपुरात महाविद्यालयांचे निकाल छापणाऱ्या एका गणकयंत्र केंद्रात सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो. बाई तिथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर. जुनं यंत्र मोडीत निघून नवं आलं होतं, पण बाईंनी वर्षानुवर्षं लिहिलेले निकालाचे प्रोग्रॅम नव्याला कळत नव्हते. सारे पुन्हा लिहायला वेळ नव्हता. म्हणून मधे एक प्रोग्रॅम बसवायचं ठरलं. त्यानं जुन्या प्रोग्रॅमची प्रत्येक आज्ञा नव्या यंत्राला त्याच्या भाषेत सांगायची; जुन्याला वाटावं, आपण आपल्याच यंत्रावर चाललो आहोत. हे काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. म्हणाल्या, "भेऊ नको. दुभाष्याचं काम आहे. आपल्या मनचं काही मधात घालायचं नाही, बस."

मी घातलं. जुनं यंत्र टक्केवारीतला अपूर्णांक सरळ गाळून टाकायचं. नवं जवळच्या पूर्ण आकड्यावर न्यायचं. बी.एस्सी.ला मला ४४.७ टक्के पडले होते. गुणपत्रिकेवर ४४ छापून आले आणि एम.एस्सी.ला ४५ लागत, म्हणून प्रवेश हुकला. ते गाळणं मला नव्या यंत्राला शिकवायचं होतं. मी जाणूनबुजून शिकवलं नाही.

केंद्रात एक रीत होती. मागच्या वर्षीच्या गुणांची भोकं पाडलेली कार्डं नव्या यंत्रातून काढायची आणि जुन्या छापील निकालाशी ओळीनं ताडून बघायची. बाई जुना निकाल वाचत, मी नवा.

"चव्वेचाळीस."

"पंचेचाळीस."

बाईंनी पेन्सिलीनं खूण केली. पहिलं पान संपेपर्यंत अशा सतरा खुणा झाल्या.

"काहून गा, सारे वरच चढून राहिले? एखादा तरी खाली घसरायले पाहिजे होता."

"नव्या यंत्राचा हिशेब जास्त बरोबर आहे, बाई. पोरांचं भलंच होईल."

"यंदाच्या पोराईचं. मांगच्या वर्षी जे गेले त्याईले काय सांगशीन? आमचं यंत्र म्हातारं होतं?"

दुरुस्ती करून पुन्हा सगळं ताडायला दोन दिवस गेले. निकाल का लांबला, म्हणून केंद्राच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझी नोकरी त्या उत्तरावर होती. बाई म्हणाल्या, "चूक झाली. पोरगा नवा आहे, तपासायचं माझ्याकडून राहिलं." मी शेजारी उभा होतो. नोकरी टिकली.

पुढे बाईंनी परीक्षा समितीकडे अर्ज केला. अपूर्णांकाचा नियम बदला, आणि बदलाल तर मागच्या वर्षांच्या पोरांनाही लागू करा, एवढंच त्यात होतं. उत्तर येईना तेव्हा स्वतः खेटे घातले. दोन वर्षांनी नियम बदलला आणि त्याच नियमावर मला पुण्यात प्रवेश मिळाला. तिथून मी त्यांना एक पत्र पाठवलं. उत्तरात त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवणाचं कसं काय, एवढंच विचारलं होतं. परवा नागपूरला त्यांच्या हुडकेश्वरच्या घरी त्यांच्या मुलानं माझं ते पत्र माझ्या हातात ठेवलं. ते असं आहे :

आदरणीय बाई,
सा. न.

प्रवेश मिळाला. तुम्ही खेटे घातले नसते तर मिळाला नसता. म्हणूनच हे लिहिल्याशिवाय वर्गात बसवत नाही. साहेबांसमोर तुम्ही चूक झाली म्हणालात. ती चूक नव्हती. नवं यंत्र काय करतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पोरांचं भलं होईल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे माझ्या ४४ चा राग काढत होतो. आणि माझ्यासाठी खाली मान तुम्ही घातलीत.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला येतो आहे. साहेबांना हे सांगणार आहे. तुम्ही सोबत येऊ नका. या वेळी मी एकटा जाईन.

आपला,
गजानन