इरु म्हणजे थांब

मुलीच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक बाई राहते. मे महिन्यात तिला कुत्र्याला घेऊन गाडीने कोडाईकनालला जायचं होतं. मी माझा कुत्रा जवळजवळ हजार किलोमीटर गाडीने नेला होता, हे तिला मुलीकडून कळलं, म्हणून ती विचारायला आली. मी तिला कामापुरतं सांगितलं. निघायच्या आधी सहा तास पोटभर खायला घालू नका. दार उघडायच्या आधी पट्टा हातात घ्या, नंतर नाही. घरचं पाणी बरोबर न्या, कारण पाणी बदललं की पोट बिघडतं आणि ते गाडीतच बिघडतं. दुपारी डांबरावर उतरवायचं असेल तर आधी स्वतः चप्पल काढून उभं राहा, तुम्हाला सहन झालं तर त्यालाही होईल. ती फोनमध्ये लिहून घेत होती. राहिलेलं मी तिला सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर कागलजवळचं. लग्न होऊन आले ती चेन्नईजवळ आवडीला, नवरा तिथल्या कारखान्यात होता. तो रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, पुढे तोही गेला. मग मुलाबरोबर शोळिंगनल्लूरला भाड्याच्या घरात राहायला आले. मुलगा तिथेच कॉम्प्युटरच्या ऑफिसात. कुत्रा त्या घराच्या फाटकाशी आला. समोरच्या इस्त्रीवालीने त्याला पिल्लाचा मोठा केला होता, ती जागा सोडून गेली आणि तो राहिला. आम्ही त्याला नाव ठेवलं नाही, आणि नावं ठेवण्यासारखंही त्याच्यात काही नव्हतं. ती त्याला 'डेय', म्हणजे 'अरे', म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले.

त्याला तमिळच कळायचं. मला तरी कुठे फार येतं? भाजीवाला, रिक्षावाला आणि कुत्रा, एवढ्यांपुरतं माझं तमिळ. आमच्या गल्लीत पाण्याचे टँकर मागे घेत घेत आत यायचे. त्याच्याच वयाचा एक कुत्रा माझ्या डोळ्यांदेखत चाकाखाली गेला. तेव्हा मी ठरवलं, याला एक शब्द तरी पक्का शिकवायचा. 'इरु' म्हणजे थांब. चार महिने लागले. इडलीचा तुकडा समोर ठेवायचा आणि इरु म्हणायचं, वा म्हणेपर्यंत तोंड लावू द्यायचं नाही. 'वा' म्हणजे ये. शेवटी असं झालं की मी फाटकाशी इरु म्हणून दुधाला जायची आणि परत येऊन वा म्हणेपर्यंत तो तिथेच बसलेला असायचा. मुलाने उठवलं तरी उठायचा नाही. ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं, अशी त्याची समजूत होती. मला त्याचा अभिमान वाटायचा. लोक पोरांच्या मार्कांचा सांगतात तसा मी तो शेजारणींना सांगायची.

सात वर्षं अशी गेली. मग मुलाला परदेशात पाठवायचं ठरलं, सून आधीच गेली होती. मी चेन्नईतच मुलीकडे नुंगंबाक्कमला जायचं ठरलं. मुलीच्या धाकट्याला दम्याचा त्रास, केस आणि धूळ चालत नाही. म्हणजे कुत्र्याला जागा नव्हती. मुलाने कुत्री ठेवून घेणाऱ्या एक-दोन ठिकाणी विचारलं, मी जाऊन बघून आले आणि नको म्हटलं. पिंजऱ्यांना पिंजरे लागलेले आणि सगळी एकदम भुंकत होती.

माझी धाकटी बहीण गावी असते. ती म्हणाली, आण इकडं, अंगण आहे, मी बघते. तुम्ही विचाराल, मग तुम्हीच का नाही गेलात कुत्र्याबरोबर गावी? बहिणीच्या घरी दोन खोल्या, त्यात तिचा मुलगा, सून, त्यांची पोरं. कुत्र्याला अंगणात जागा असते, बाईला नसते. शिवाय माझ्या डोळ्यांत दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, ते इथेच.

मुलाने पोंगलच्या सुट्टीत निघायचं ठरवलं. मला म्हणाला, "आई, सहलीला निघालोय असं समज." मी म्हटलं, समजायला काय जातंय.

तयारी मात्र मी सहलीचीच केली. गाडी म्हटली की तो आधी पळायचा. म्हणून पहिले दोन दिवस गाडी जागेवर उभी, दार उघडं, आणि त्याचा दहीभात मागच्या सीटवर. मग इंजिन सुरू करून तिथेच बसलो. मग कोपऱ्यापर्यंत. मग केळंबाक्कमपर्यंत, तिथे तो ओकला. डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली, निघायच्या तासभर आधी द्यायची. पुढच्या वेळी महाबलीपुरमपर्यंत गेला आणि ओकला नाही. सीटखाली जुनी गोधडी, वर दोन लुगडी, कारण लुगडं धुऊन लगेच वाळतं. खिडकी चार बोटं उघडी, जास्त नाही. लस टोचल्याचा कागद डॉक्टरांच्या सहीचा. जुने टॉवेल पाच. हे सगळं मी तीन आठवडे केलं आणि मला ते आवडत होतं, हेही सांगते. कुठे चाललोय ते तेवढा वेळ डोक्यातून जायचं.

बहिणीसाठी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात सहा शब्द लिहिले. वा म्हणजे ये. पो म्हणजे जा. इरु म्हणजे थांब. उक्कारु म्हणजे बस. साप्पिडु म्हणजे खा. वेण्डाम म्हणजे नको.

भोगीच्या सकाळी निघालो. तिकडे भोगीला जुनं सामान जाळतात, त्याचा धूर शहराबाहेर पडेपर्यंत सोबत होता. दर दोन तासांनी थांबलो, वेल्लोरच्या पुढे, कृष्णगिरीला, बंगळुरूच्या बाहेर. तो उतरायचा, पाय मोकळे करायचा, पाणी प्यायचा आणि स्वतः गाडीत चढायचा. ओकला नाही, रडला नाही. चित्रदुर्गला मुलाने लॉज आधी फोन करून ठरवला होता, कुत्रा चालेल असं विचारून. तिथे गेल्यावर म्हणाले, चालणार नाही, चालेल असं कोणी सांगितलं? कोणी सांगितलं त्याचं नाव मुलाने विचारून घेतलं नव्हतं. विचारून घ्यावं. रात्र गाडीत काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

संक्रांतीच्या दुपारी गावात पोचलो. बहिणीने मी दिलेला कागद लांब धरून वाचला आणि म्हणाली, "ताई, ह्या वयात मला मद्राशी शिकवतीस होय? आगं, मला माझ्या सुनेची भाषा कळंना झालीय." तिचा मुलगा म्हणाला, मावशी, ह्याच्याबरोबर एक दुभाषा पण आणायचा होता.

संध्याकाळी तिळगूळ द्यायला बायका आल्या. त्यांतल्या एकीने लाडू तोंडात टाकला आणि वा वा म्हणाली. कोपऱ्यात पडलेला कुत्रा उठून तिच्यासमोर जाऊन बसला. सगळ्या हसल्या. मग ज्याला त्याला वा म्हणायची हौस आली. पोरं दुसरा सगळा दिवस वा वा करत त्याला नाचवत होती आणि तोही शेपूट हलवत सगळ्यांकडे जात होता. भाकरीचा तुकडा खाल्ला, दूध प्यायला. बहीण म्हणाली, बघ, रमला की. मलाही वाटलं, रमला. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बहीण म्हणाली, तो खात असताना गुपचूप निघा. मला ते पटलं नाही. चोरासारखं का जायचं? सात वर्षं मी त्याला फसवलं नव्हतं. जाण्याचं सगळं मी तीन आठवडे ठरवत होते, सोडून येण्याचं एक मिनिटही ठरवलं नव्हतं. गाडी सुरू झाल्यावर तो धावत फाटकाशी आला. मी काच खाली केली आणि जे रोज म्हणायची तेच म्हटलं. इरु.

तो बसला.

गाडी वळली तेव्हा मुलगा आरशात बघून म्हणाला, शहाणा आहे गं, मागे धावला नाही. मी काय केलं ते मला निपाणी गेल्यावर कळलं. म्हटलं, गाडी फिरव. तो म्हणाला, "फिरवू, पण मग पुढे काय करायचं ते सांग." तो थोडा वेळ हळू चालवत राहिला, मग नेहमीसारखी चालवायला लागला.

चेन्नईला पोचलो त्या दिवशी बहिणीचा फोन आला. "ताई, त्यो फाटकातनं हलंना बघ. तिथंच बसलाय. खाईना, आत येईना. रात्री किती गार पडतंय." मी म्हटलं, वा म्हण. तिने म्हटलं. पोरांनी म्हटलं. लाडूवाल्या बाईलाही बोलावून आणलं. तो मान वळवून बघायचा आणि परत रस्त्याकडे बघत बसायचा. भाच्याने उचलून आत नेला, दार लावलं, तर दाराला डोकं लावून बसला. दार उघडलं की परत फाटकाशी. पाणी मात्र प्यायचा, भांडं तिथेच नेऊन ठेवलं तर.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलाच्या सामानाची बांधाबांध चालू होती. तो म्हणाला, भूक लागली की खाईल, जनावर आहे. मी त्याला म्हटलं, त्याला बसायला मी सांगितलंय, उठायलाही मलाच सांगावं लागेल.

चौथ्या दिवशी सकाळी मी बहिणीला सांगितलं, दूधभात कालव आणि घरात पायरीपाशी ठेव. फोनचा आवाज मोठा कर आणि फोन भातापाशी ठेव. माझा बेत असा होता की आवाज घरातून आला की तो घरात येईल, भात दिसेल, खाईल. एकदा इरु सुटला की पुढचं सोपं. बहिणीने फोन तिथे ठेवला आणि लांबून ओरडली, बोल. मी म्हटलं, डेय. इंग वा. वा, साप्पिडु. म्हणजे इकडे ये, खा.

पुढचं तिने मला सांगितलं. तो एकदम उठला, शेपूट हलवायला लागला. पायरीपर्यंत पळत आला. फोन हुंगला. भाताकडे बघितलं नाही. पायरीच्या आत बघितलं, मागे परड्यात जाऊन आला, गाडी उभी होती त्या जागेभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी इकडे ऐकत होते आणि मला वाटलं तो खातोय, म्हणून मी आणखी दोनदा वा म्हटलं. मग तो फाटकातून बाहेर गेला. बहिणीला वाटलं, मोकळा व्हायला गेला असेल. चार दिवस एका जागी बसलेला, जाणारच. तिने कौतुकाने मला सांगितलं, ताई, उठला बघ. मी म्हटलं, आता खाईल. आम्ही दोघी त्यानंतर पाच-दहा मिनिटं दुसरंच बोलत होतो, तिच्या सुनेच्या नोकरीबद्दल.

दुपारपर्यंत आला नाही. भाचा मोटारसायकल घेऊन बघायला गेला. हायवेवरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, असा एक कुत्रा सकाळी इथून गेला, निपाणीच्या बाजूला, कडेकडेने. म्हणजे बरोबर दिशेला चालला होता. त्या बाजूला शेवटी मीच होते, पण मध्ये सगळा रस्ता होता आणि त्यावर टँकरपेक्षा मोठ्या गाड्या.

मुलाला मी सांगितलं. तो बॅगेला कुलूप लावत होता. त्याने कुलूप लावलं, मग उघडलं, मग परत लावलं. म्हणाला, तू मुद्दाम नाही केलंस. मी म्हटलं, मुद्दाम कोण करतं? दोन दिवसांनी तो गेला आणि मी नुंगंबाक्कमला आले.

बहीण शोधत राहिली. भाच्याला नोकरी, त्याने दोन दिवस बघितलं आणि सोडलं. ती सकाळ-संध्याकाळ हायवेच्या कडेने काठी टेकत जायची, तो सहा शब्दांचा कागद घेऊन. सगळ्यांत जास्त वा म्हणून ओरडायची. लोक थांबून बघायचे. मला रोज फोन करून सांगायची, आज इथपर्यंत गेले, आज तिथपर्यंत. तिचेही गुडघे गेलेत. आठव्या दिवशी तिने विचारलं, "ताई, अजून बघू काय? तू सांगशील तसं."

मी म्हटलं, पुरे आता. नको जाऊस.

ती बरं म्हणाली. इतक्या लवकर म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.