कारल्याच्या मांडवापासून भिवंडीपर्यंत

मनोरच्या नाक्यावर गवताची लॉरी उभी होती. बाने आधी माझं बोचकं वर फेकलं, मग दंडाला धरून मला चढवलं. अंगावर लुगडं आईचं होतं, कारण माझं रक्तानं भरलेलं. ड्रायव्हरला भिवंडी गाठायची घाई. बा खालून म्हणाला, "पोलिसांना तुझं नाव सांगणार हाय मी. माझं सांगितलं तर जमीन जाते. आता इकडं येऊ नको." मी एकोणीस वर्षांची होते. बापाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तुम्ही पाड्याचे काही लोक आपल्या मासवणलाच राहिलात, काही जण माझ्यामागून भिवंडीला आलात. सगळ्यांनी ऐकलंय की मी माणसाची बोटं तोडून पळाले. कसं झालं ते माझ्याकडून ऐका.

कूळ कायद्यात सूर्या नदीकाठची दोन एकर जमीन बाच्या नावावर झाली. जमीनमालक शेठसमोर उभं राहून जमीन पायजे म्हणणारा पाड्यावर तो एकटाच. त्याचा चुलतभाऊ भिवाकाका भ्याला आणि नको म्हणून आला. शेठच्या वेळी भाताशिवाय काही लावायची सोय नव्हती. बाने मुंबईला पाठवायची म्हणून कारली लावली, बांबूचे मांडव घातले. आम्ही नदीवरून हंड्यांनी पाणी घालायचो, खांदे सोलून निघायचे. पण कारली अशी लागली की मांडव वाकले.

आणि मग बाने खुळेपणा केला. पहिल्या तोड्याची पाटी डोक्यावर घेऊन शेठच्या दारात ठेवून आला. आजोबापासूनची रीत, पहिलं पीक मालकाच्या पायरीवर. आता मालक आपण, असं आई ओरडत राहिली, पण हा म्हणे माणुसकी म्हणून देतो. कसली माणुसकी नि कसलं काय! शेठने चहा पाजला आणि चार माणसांची साक्ष काढून गावभर सांगितलं की कुळानं मालकाचा खंड आणून दिला, म्हणजे जमीन अजून माझीच. मी दोन दिवस बाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठची सहा माणसं कोयते घेऊन शेतात शिरली. कारल्याला हात लावला नाही मेल्यांनी, वेल बुंध्यातून कापत सुटले. कापलेला वेल लगेच मरत नाही. वर हिरवागार दिसतो नि दुपारपर्यंत पानं मान टाकतात. बाने दांडक्यानं एकाचं डोकं फोडलं. दुसऱ्यानं आईला केसाला धरून चिखलातून ओढलं. शेवटच्या मांडवाशी कोयता घेऊन भिवाकाका होता, शेठच्या त्या सहांतलाच एक. हात काढ, म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं.

"माझं नाय ऱ्हायलं, तुमचं कशाला ऱ्हावं?" असं म्हणून त्यानं बुंधा मुठीत धरला.

मी विळा मारला. तीन बोटं चिखलात पडली. बाकीचे त्याला उचलून पळाले. 

डोकं बाने फोडलं, बोटं मी तोडली, दोन्ही माझ्या नावावर गेली. बा तुरुंगात गेला असता तर जमीन पडीक पडली असती, आणि ती परत घ्यायला शेठ त्याचीच वाट बघत होता.

भिवंडीत मी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. शिफ्ट, सुपरवायझर, ओव्हरटाइम तोंडात बसलं. हिंदीत भांडायला शिकले. आमी-तुमी म्हणणं सुटलं. कारलं मात्र माझ्या खोलीत कधी शिजलं नाही.

बारा वर्षांनी बा गेला तेव्हा एकदाच गावी आले. तोवर ती केस कुणाला आठवत नव्हती. भिवाकाका बांधावर बसलेला, उरलेल्या दोन बोटांत विडी. "तुझा हात भारी हाय, पोरी," एवढंच बोलला. मी माफी मागितली नाही, त्यानंही नाही. मग दोघं मांडवांकडे बघत बसलो. सगळे उभे होते.

तुम्ही विचारता, म्हातारपणी घरी येणार का. बापावरचा राग अजून गेलेला नाही माझा. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, सांग माझं नाव. त्यानं विचारलं नाही. पण घर म्हणाल तर तेच. फौजदाराच्या कागदावर माझं नाव चढलं, म्हणून सातबाऱ्यावर बाचं टिकलं.