नखाएवढी साल

हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्या हिवाळ्यात बागखात्यातल्या बाबांची बदली औरंगाबादला झाली. आमच्या परीक्षा होईपर्यंत आम्ही हैदराबादेत मलकपेठेतच राहायचं ठरलं: आई, दादा, मी आणि कुंडीतलं एल्मचं रोप. आपल्या वावळाचा हा हिमालयातला भाऊबंद. काश्मीरहून कुणीतरी आणलेल्या मूठभर बियांतून, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, बाबांनी चार वर्षं खपून एवढं एकच जगवलं होतं. आम्हा मुलांचे इतके लाड त्यांनी कधी केले नाहीत, आणि याचा मला रागही होता.

जाताना त्यांनी बजावलं, थंडीत पानं गळतील, घाबरू नका. फारच शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं की जिवंत आहे.

पानं गळाली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांना तिकडे घर मिळत नव्हतं, सगळंच अधांतरी होतं, तरी त्यांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच: रोप कसं आहे? शेजारच्या खाला येता-जाता म्हणायच्या, "ये तो सूख गया ना बाई, चूल्हे में डाल देव." आई हसण्यावारी न्यायची. मला मात्र ते खरंच वाटायचं. एका दुपारी मी हळूच साल खरवडली. हिरवी होती. जिवात जीव आला. चार दिवसांनी पुन्हा धास्ती, पुन्हा नख. डाग दिसू नये म्हणून अगदी मातीलगत, दर वेळी जरा बाजूला.

मार्चमध्ये बाबा न्यायला आले. कोंब फुटून मलूल पडले होते. त्यांनी बोटाने माती सारली. खोडाभोवतीची साल बांगडीसारखी गोल निघाली होती. अशाने मुळांना पोटाला मिळत नाही, ते म्हणाले.

"किती वेळा बघितलंस?"

"तीन-चारदा." एवढ्याने गोल पुरा होत नाही, हे मलाही कळत होतं.

दादाने मान खाली घातली. तोही गुपचूप खरवडून बघत होता. आई पदराला हात पुसत राहिली. "मीही बघायचे. नाहीतर तुम्हाला काय कळवणार होते?"

आता भडका उडणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. बाबा कुंडीशी बसूनच होते. "प्रत्येक पत्रात मीच विचारत होतो," ते म्हणाले. मला रडू फुटलं.

खालून फुटेल कदाचित, असं म्हणून त्यांनी कुंडी सामानात घेतली. औरंगाबादपर्यंत ती आमच्या चौघांच्या मधे होती. कुणीही तिला बोट लावलं नाही.